दोन चिठ्ठ्या, दोन भाव: एकसामयिक समीकरणं अगदी पहिल्यापासून

भाचीच्या लग्नाच्या वेळची गोष्ट. पाहुण्यांना द्यायला कुंदा आणि करदंट या मिठाया आणायचं काम वहिनीकडे होतं. तिने दोन-तीन खेपांत माल आणला आणि घरी येऊन माझ्या हातात दोन चिठ्ठ्या ठेवल्या. चिठ्ठीवर वजन होतं, खाली एकूण रक्कम होती, पण किलोचा भाव कुठेच नव्हता. "भावजी, दोन्हीकडच्या घरांत खर्च वाटायचाय, तेव्हा भाव काढून द्या की. गणिताचे सर ना तुम्ही?"

मी बेळगावच्या शहापुरात संध्याकाळी शिकवणी घेतो. समोर आठवी ते दहावीची मुलं असतात, बहुतेक मराठी माध्यमाची, आणि त्यांतली निम्मी वडगाव-खासबागेच्या विणकरांच्या घरातली. दरवर्षी जूनमध्ये हा धडा सुरू केला की चेहरे पडतात. म्हणून वहिनीच्या त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या. ज्यांनी हा विषय कधी शिकलाच नाही, किंवा शिकून विसरले, त्यांना आता मी त्या चिठ्ठ्यांवरूनच शिकवतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार येत असेल आणि ऋण संख्येची भीती नसेल तर पुढचं सगळं जमेल. वही-पेन घेऊन बसा, नुसतं वाचून हे येत नाही.

चिठ्ठ्या अशा होत्या (भाव हिशोबाला सोपे जावेत म्हणून मी थोडे सरळ केलेत):

पहिली: २ किलो कुंदा, १ किलो करदंट, एकूण १६०० रुपये.
दुसरी: ३ किलो कुंदा, २ किलो करदंट, एकूण २७०० रुपये.

आधी अक्षर कशाचं ते लिहा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात. पुस्तकात एक्स आणि वाय असतात. आपण क आणि र घेऊ. फळ्यावर "२क + र = १६००" लिहिलं आणि विचारलं, "क म्हणजे काय?" की वर्ग एका सुरात ओरडतो, "कुंदा!"

चूक. क म्हणजे कुंदा नव्हे.

एकदा वडगावची एक मुलगी हट्टालाच पेटली. "सर, क वरनंच तर कुंदा घेतलाय की." मी म्हटलं, "मग दोन कुंदा अधिक एक करदंट बरोबर सोळाशे, असंच ना? सोळाशे काय गं? कुंदे?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "रुपये." मग डावीकडेही रुपयेच हवेत. क हा एक किलो कुंद्याचा भाव आहे, रुपयांत. २ किलो गुणिले किलोचा भाव म्हणजे २क रुपये. र म्हणजे एक किलो करदंटाचा भाव, रुपयांत. आता डावीकडे रुपये, उजवीकडेही रुपये.

म्हणून वहीत गणिताच्या सर्वांत वर दोन वाक्यं पूर्ण लिहायची:

क = एक किलो कुंद्याचा भाव (रुपयांत)
र = एक किलो करदंटाचा भाव (रुपयांत)

"धरा क = कुंदा" असं लिहिलेलं दिसलं की मी ते खोडतो. अक्षर नेहमी संख्येचं असतं: किती रुपये, किती माणसं, किती तास. वस्तूचं कधीच नसतं. मोठ्या वर्गात गेलेल्या मुलांचीही गणितं अडतात, तेव्हा मुळाशी जाऊन पाहिलं तर बऱ्याचदा हेच निघतं.

अज्ञात संख्येला नाव देणं हे आपल्याकडे जुनंच आहे. भास्कराचार्यांनी, म्हणजे बाराव्या शतकात, आपल्या बीजगणितात पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हटलं आणि पुढच्यांना रंगांची नावं दिली: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त पहिलं अक्षर, या, का, नी. तेव्हा क आणि र घेऊन आपण काही वेगळं करत नाही. हे भास्कराचार्य नेमके कुठले यावरही सीमावाद आहे बरं का. त्यांनी स्वतः गावाचं नाव 'विज्जडविड' सांगितलंय. कोणी ते विजापूर म्हणतात, कोणी चाळीसगावजवळचं पाटण. आमच्या भागातल्या माणसाला यात काहीच नवल वाटत नाही.

शब्दांचा घोळ आधीच मिटवा

इथल्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते, ती कोल्हापूरच्या मुलांना नसते. मराठी माध्यमात अशा अक्षराला 'चल' म्हणायला शिकायचं, शेजारचा कन्नड शाळेतला मित्र त्यालाच 'चराक्षर' म्हणतो, आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेलं की तेच 'व्हेरिएबल' होऊन येतं. चलाच्या पुढे गुणाकाराला असलेली संख्या म्हणजे सहगुणक. कन्नडमध्येही सहगुणकच, तेवढी एक सोय. एका समीकरणातून चलाची किंमत काढून दुसऱ्यात ठेवायची, तिला कन्नडमध्ये 'आदेश विधान' म्हणतात. दोन समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवायचं, म्हणजे आपला 'लोप', तिकडे 'वर्जिसुव विधान'. वहीच्या शेवटच्या पानावर या शब्दांचे तीन रकाने करून ठेवले की अकरावीत पहिले दोन महिने वाया जात नाहीत.

'रेषीय' म्हणजे काय, तेही इथेच सांगून टाकतो. चलाचा वर्ग नाही, दोन चलांचा एकमेकांशी गुणाकार नाही, चल छेदात नाही. नुसते क, र आणि त्यांचे सहगुणक. आलेख काढला तर सरळ रेषा येते, म्हणून रेषीय. आणि एकाच क-र च्या जोडीने दोन्ही समीकरणं एकाच वेळी खरी ठरायला हवीत, म्हणून ती एकसामयिक.

पहिली रीत: किंमत काढून ठेवणे

समीकरणं लिहू आणि त्यांना नंबर देऊ. नंबर देण्याचा आळस करू नका, पुढे तेच उपयोगी पडतात.

२क + र = १६०० … (१)
३क + २र = २७०० … (२)

दोन्हींत असं चल शोधा ज्याचा सहगुणक १ आहे. इथे (१) मध्ये र एकटा उभा आहे. त्याला बाजूला काढू:

र = १६०० − २क

आता हा र (२) मध्ये ठेवायचा. ज्या समीकरणातून काढला त्यातच परत ठेवला तर १६०० = १६०० असं काहीतरी येतं आणि पोरगं माझ्याकडे बघत बसतं. काढला (१) मधून, तर ठेवायचा (२) मध्ये.

३क + २(१६०० − २क) = २७००

हा कंस सोडवताना सावकाश. बाहेरचा २ आतल्या दोन्ही पदांना लागतो: ३२०० − ४क.

३क + ३२०० − ४क = २७००
−क = −५००
क = ५००

आता र = १६०० − २ × ५०० = ६००.

कुंदा ५०० रुपये किलो, करदंट ६०० रुपये किलो.

कंसातली ती चूक मी इतक्या वह्यांत पाहिलीय की तीही करून दाखवतो. २ ने फक्त पहिल्या पदाला गुणलं तर ३क + ३२०० − २क = २७०० होतं, आणि क = −५००. म्हणजे दुकानदार किलोभर कुंदा देतो आणि वर पाचशे रुपयेही देतो! असं उत्तर आलं की पुढे जायचं नाही, शेवटचा कंस उघडून बघायचा. मुलं मात्र उणे पाचशे खाली दुहेरी रेघ मारून मोकळी होतात.

पडताळा

उत्तर दोन्ही समीकरणांत घालून बघा. (१): १००० + ६०० = १६००, जुळलं. (२): १५०० + १२०० = २७००, जुळलं. एकाच समीकरणात तपासणं म्हणजे अर्धा पडताळा. (१) मधूनच र काढलाय, तेव्हा (१) मध्ये ते जुळणारच. खरी तपासणी (२) मध्ये होते. परीक्षेत अर्ध्या मिनिटाचं काम, पण नव्वद टक्के मुलं ते करत नाहीत (हा माझा अंदाज, कोणी मोजलेलं नाही).

दुसरी रीत: लोप

आता सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बस घेऊ. आपल्याकडे कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. पलीकडे महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे गणिताच्या भाषेत, सीमा ओलांडली की सहगुणक बदलतो.

चंदगडहून गडहिंग्लजला जाणारी एसटी धरा. पूर्ण तिकीट ६० रुपये समजू, मग स्त्रियांचं ३०. पास, मुलं, ज्येष्ठांची सवलत, सगळं बाजूला ठेवू. सगळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणारे. ४४ तिकिटं फाडली आणि २०४० रुपये जमले. तर स्त्रिया किती, पुरुष किती?

स = स्त्रियांची संख्या, प = पुरुषांची संख्या.

स + प = ४४ … (१)
३०स + ६०प = २०४० … (२)

पहिलं समीकरण डोक्यांचं आहे, दुसरं पैशांचं. नवख्यांना हे वेगळं करता येत नाही, ते ४४ आणि २०४० एकाच ओळीत कोंबतात. आधी दोन वाक्यं तोंडाने म्हणा: "माणसं मिळून चव्वेचाळीस. पैसे मिळून दोन हजार चाळीस." जितकी वाक्यं, तितकी समीकरणं.

(२) ला ३० ने भागलं की आकडे लहान होतात:

स + २प = ६८ … (३)

(३) मधून (१) वजा करू. स ला स जातो, त्याचा लोप झाला. २प − प = ६८ − ४४, म्हणजे प = २४. मग स = २०. पडताळा: २० × ३० = ६००, २४ × ६० = १४४०, मिळून २०४०.

जुने कंडक्टर असले हिशोब कागदाशिवाय करायचे. सगळ्या बायकाच आहेत असं धरा: ४४ × ३० = १३२०. हातात आलेत २०४०. म्हणजे ७२० जास्त. प्रत्येक पुरुषामागे ३० जास्त येतात, तर पुरुष ७२० ÷ ३० = २४. नीट बघाल तर वरच्या लोपातलीच वजाबाकी आहे ही, फक्त अक्षरं नाहीत. ज्या मुलाला अक्षरांनी धडकी भरते त्याला मी आधी ही तोंडी रीत देतो आणि मग विचारतो, तू आत्ता काय वजा केलंस?

आता अलीकडची बस घ्या. बेळगाव-खानापूर, तिकीट ४० रुपये समजू, ५० तिकिटं, जमले ८८०. समीकरणं स + प = ५० आणि ०स + ४०प = ८८०. दुसऱ्यात स चा सहगुणकच शून्य, लोप सरकारने आधीच करून ठेवलाय! प = २२, स = २८. मुलं हसतात. पण सहगुणक शून्य असू शकतो हे एकदा हसत कळलं की पुढे निश्चयक काढताना (तो खाली येतोच आहे) रिकाम्या जागी शून्य लिहायला विसरत नाहीत.

सहगुणक सारखे नसतील तेव्हा

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी माग आहे. त्याच्यासाठी केलेलं हे गणित. साध्या साडीला मागावर २ तास लागतात आणि ५०० ग्रॅम सूत. किनारीच्या साडीला ३ तास आणि ६०० ग्रॅम. (घरच्या मागाचे आकडे वेगळे, हे गणितासाठी.) आठवड्यात माग ४८ तास चालला, सूत १०.८ किलो संपलं. कुठल्या साड्या किती?

प्रश्नात ग्रॅम आणि किलो दोन्ही आहेत, सापळा तोच. १०.८ किलो म्हणजे १०,८०० ग्रॅम. आधी एकक एक करा, मग लिहा. स = साध्या साड्यांची संख्या, क = किनारीच्या साड्यांची संख्या.

२स + ३क = ४८ … (१)
५००स + ६००क = १०८००, म्हणजे ५स + ६क = १०८ … (२)

लगेच वजा केलं तर काहीच जात नाही. (१) ला २ ने गुणलं की क चे सहगुणक सारखे होतात:

४स + ६क = ९६ … (३)

गुणताना उजवीकडचे ४८ सुद्धा गुणायचे, डावीकडचं गुणून उजवीकडचं तसंच सोडणारे दरवर्षी चार-पाच निघतात. (२) मधून (३) वजा: स = १२. मग २४ + ३क = ४८, क = ८.

हे गणित मी त्या मुलाला दिलं, तर त्याने घरी वडिलांना विचारलं. ते म्हणे लगेच म्हणाले, "अठ्ठेचाळीस तास माग चालतो कुठं, करंट जात नाही काय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चिन्हाबद्दल एक गोष्ट. दोन सहगुणकांची चिन्हं सारखी असतील तर वजाबाकी, विरुद्ध असतील तर बेरीज. वजाबाकी करताना खालच्या ओळीतलं प्रत्येक चिन्ह बदलायचं आणि मग मिळवायचं. बदललेली चिन्हं कंसात, वेगळ्या शाईने लिहा. लोपात होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा त्या एका ओळीत असतात.

रीत कुठली निवडायची

एखादं चल एकटं उभं असेल, सहगुणक १ किंवा −१, तर किंमत काढून ठेवा. नाहीतर लोप. आलेख समजण्यासाठी चांगला, उत्तर काढण्यासाठी नाही, उत्तर अपूर्णांकात असेल तर आलेखावर ते नेमकं वाचता येत नाही. तरी एकदा काढा. आडव्या अक्षावर क, उभ्यावर र. पहिल्या चिठ्ठीसाठी बिंदू (४००, ८००), (५००, ६००), (६००, ४००). दुसरीसाठी (३००, ९००), (५००, ६००), (७००, ३००). दोन रेषा (५००, ६००) ला छेदतात. पहिल्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू पहिल्या चिठ्ठीला चालतो, म्हणजे नुसत्या एका चिठ्ठीवर हजार भाव बसतील. दुसरी चिठ्ठी आली की त्यांतला एकच उरतो.

चंदगड, गडहिंग्लजकडची भावंडं सुट्टीत येतात आणि 'क्रेमरची पद्धत' म्हणून भाव खातात. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला ती आहे, आपल्या एसएसएलसीला नाही. गॅब्रिएल क्रेमर या स्विस गणितीने ती १७५० मध्ये छापली. सहगुणकांचे तिरके गुणाकार करून केलेली वजाबाकी म्हणजे निश्चयक. आपल्या चिठ्ठ्यांचा निश्चयक: २ × २ − ३ × १ = १. क साठी, क च्या सहगुणकांच्या जागी उजवीकडच्या संख्या: १६०० × २ − २७०० × १ = ५००. र साठी: २ × २७०० − ३ × १६०० = ६००. दोन्हींना पहिल्या निश्चयकाने, म्हणजे १ ने भागा. ५०० आणि ६००. झालं. पाठ करायला हरकत नाही, पण तो पहिला निश्चयक शून्य आला तर काय, हे त्या भावंडांना विचारून बघा.

० = ० आलं तर

आता खरं सांगतो. वहिनीने आधी दिलेल्या दोन चिठ्ठ्यांतली पहिली तीच, पण दुसरी वेगळीच होती. त्या अशा होत्या:

२क + र = १६००
४क + २र = ३२००

रात्री जेवणं झाल्यावर बसलो. र = १६०० − २क काढला, दुसरीत ठेवला: ४क + ३२०० − ४क = ३२००. क गेला. र आधीच गेलेला. उरलं ३२०० = ३२००. मला वाटलं चिन्ह चुकलं. पुन्हा केलं, मग लोपाने केलं, ० = ० आलं. वहिनी दारातून बघत होती, मला घाम फुटायचा बाकी होता. मग चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि दिसलं की दुसरी पहिलीच्या बरोबर दुप्पट आहे. वजनं दुप्पट, पैसे दुप्पट. दुसऱ्या खेपेत वहिनीने पहिलाच माल दोनदा आणला होता, दुसरी चिठ्ठी मला नवीन काहीच सांगत नव्हती. कागद दोन, माहिती एक. म्हणून तिला आणखी एक चिठ्ठी शोधायला लावली, आणि ती ३ किलो-२ किलोची सापडली.

यावरून तपासायची खूण घ्या. क चे सहगुणक, र चे सहगुणक आणि उजवीकडच्या संख्या, तिन्हींची गुणोत्तरं काढा. इथे २ : ४, १ : २, १६०० : ३२००, तिन्ही सारखी. म्हणजे दोन्ही समीकरणं एकच, आलेखावर रेषेवर रेषा, आणि उत्तरं असंख्य. निश्चयक २ × २ − ४ × १ = ०. भावंडांच्या क्रेमरला इथे शून्याने भागावं लागतं, तो तिथेच थांबतो.

समजा दुप्पट मालाला दुकानदाराने शंभर रुपये सूट दिली असती आणि ४क + २र = ३१०० असतं, तर लोप केल्यावर ० = १०० आलं असतं. हे कधीच खरं नाही. पहिली दोन गुणोत्तरं सारखी, तिसरं वेगळं, समांतर रेषा, उत्तर नाही. कागदावर याचा अर्थ एवढाच की दोन्ही चिठ्ठ्या एकाच भावाने झालेल्या नाहीत. पहिली दोन गुणोत्तरं वेगळी असतील तर मात्र निर्धास्त पुढे जा, एकच उत्तर आहे.

दोन्ही अक्षरं गायब झाली की घाबरून पान फाडू नका. उरलेली ओळ खरी आहे की खोटी ते वाचा, उत्तर तेच आहे.

तीन अज्ञात

तीन भाव हवे असतील तर तीन वेगळ्या चिठ्ठ्या हव्यात. किराणा घेऊ: त = तांदळाचा, ड = तूरडाळीचा, ग = गुळाचा किलोचा भाव.

त + ड + ग = २४० … (१)
२त + ड + ३ग = ४०० … (२)
३त + २ड + ग = ४९० … (३)

इथे घाई नको. एकच चल निवडा आणि दोन वेळा त्याचाच लोप करा. पहिल्यांदा त घालवला आणि दुसऱ्यांदा ड, असं केलं तर हातात दोन समीकरणं येतात पण अक्षरं तीनच राहतात, आणि मुलं गोल गोल फिरत राहतात. आपण दोन्ही वेळा त घालवू.

(२) मधून (१) ची दुप्पट वजा: −ड + ग = −८० … (४)
(३) मधून (१) ची तिप्पट वजा: −ड − २ग = −२३० … (५)

आता हे दोन चलांचं जुनंच गणित. (४) मधून (५) वजा: ३ग = १५०, ग = ५०. (४) मध्ये ठेवून −ड + ५० = −८०, ड = १३०. मग (१) वरून त = २४० − १३० − ५० = ६०. पडताळा (२) आणि (३) मध्ये करा, (१) मध्ये नको, तो वापरून झालाय.

वरून खाली एकेक चल घालवत जायचं आणि शेवटी खालून वर किंमती भरत यायचं, ही रीत आज जर्मन गणिती गाउसच्या नावाने ओळखली जाते. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात ती मोजणीच्या काड्या मांडून केलेली आहे. तिथलं पहिलंच गणित तुमच्यासाठी: उत्तम, मध्यम आणि हलक्या धान्याच्या पेंढ्या. ३ उत्तम, २ मध्यम, १ हलकी मिळून ३९ मापं. २ उत्तम, ३ मध्यम, १ हलकी मिळून ३४ मापं. १ उत्तम, २ मध्यम, ३ हलक्या मिळून २६ मापं. एकेका पेंढीचं धान्य किती? उत्तर पूर्णांकात येत नाही: सव्वानऊ, सव्वाचार, पावणेतीन. तेव्हा अपूर्णांक आला म्हणून गणित चुकलं असं धरू नका. तो कुठे चालतो ते बघा. धान्याची मापं सव्वानऊ असू शकतात, बसमधल्या बायका सव्वानऊ असू शकत नाहीत.

वाक्यावरून समीकरण

"करदंट कुंद्यापेक्षा १०० रुपयांनी महाग आहे." याचं समीकरण बरीच मुलं र + १०० = क असं लिहितात, कारण 'करदंट' आधी ऐकलं, मग 'शंभर' ऐकलं. थांबून विचारा, जास्त कोण? करदंट. मग कमी असलेल्यात शंभर मिळवायचे: र = क + १००. "दुप्पट" चंही तसंच: मोठ्याला नव्हे, लहानाला २ ने गुणलं की दोघं समान होतात. शंका आली तर खरे आकडे घालून बघा, ६०० = ५०० + १००. वयाची, दोन अंकी संख्येची, नावेच्या वेगाची गणितं पुस्तकात भरपूर आहेत. त्यांत नवीन काही नाही, फक्त हा भाषांतराचा भाग अवघड केलेला असतो.

वहिनीला भाव काढून दिले, तिने खर्च वाटलासुद्धा. आठवड्याने ती चौथी चिठ्ठी घेऊन आली. २ किलो कुंदा, २ किलो करदंट. मी काढलेल्या भावाने २२०० व्हायला हवे होते, चिठ्ठीवर २२६०. "भावजी, तुमचं गणित चुकलं की." मी तिन्ही चिठ्ठ्या पुन्हा काढल्या, पडताळा केला, सगळं जुळत होतं. मग तिलाच विचारलं, या खेपेला वेगळं काय केलं होतं? ती जरा थांबली. आधीच्या वेळी घरचे स्टीलचे डबे नेले होते. या वेळी देण्यासाठी म्हणून दुकानातलेच किलो-किलोचे छापील बॉक्स घेतले होते. चार बॉक्स, साठ रुपये. माझ्या समीकरणात त्या बॉक्सला अक्षरच नव्हतं.